निवडणुकीचा मफलर: २८८ जागा, २८८ वळ्या

सुलट_उलट

आमच्या विणकाम वर्गात (कोथरूड, आठवड्यातून दोन दिवस, दोन-दोन तास) या वेळी नवशिक्यांसाठी एकच मोठं काम ठेवलं आहे. विधानसभेच्या नोव्हेंबर २०२४ च्या निकालाचा मफलर. एका मतदारसंघाला एक वळी. क्रमांक १ अक्कलकुव्यापासून सुरुवात, क्रमांक २८८ जतला टाके बंद. ज्या पक्षाने जागा जिंकली त्याचा रंग. कृती इथे देते, सुधारणा सुचवा.

लोकर: वेष्टनावर ४ मिमी सुई छापलेली मध्यम जाडीची, साधारण २२० मीटरला १०० ग्रॅम. सुई ४ मिमी. टाके ५०. रुंदी २३ ते २४ सेंमी येते. सगळ्या ओळी सुलट, म्हणजे धागा मागे ठेवून विणायचा साधा टाका. दोन ओळी विणल्या की कापडावर एक उठावदार आडवी रेघ दिसते, तिलाच वळी म्हणते आहे. २८८ वळ्या म्हणजे ५७६ ओळी. सैल-घट्ट हाताप्रमाणे १३० ते १४५ सेंमी लांबी भरते, म्हणजे गळ्याला एक पूर्ण वेढा आणि पुढे दोन्ही टोकं छातीपर्यंत. प्रत्येक ओळीचा पहिला टाका न विणता उलट टाक्यासारखा (धागा पुढे ठेवून, सुई उजवीकडून घालून) उचलून घ्यायचा, मग धागा मागे नेऊन पुढचे ४९ सुलट. किनार साखळीसारखी सरळ येते.

सगळ्या सुलट ओळी घेतल्या कारण हे कापड कडेला गुंडाळत नाही, दोन्ही बाजूंनी सारखं दिसतं आणि नवशिक्याला उलट टाका आला नाही तरी अडत नाही. एक सुलट एक उलट ओळ घेतली तर मफलरची नळी होते. इस्त्रीने ती तात्पुरती बसते, अंगावर घातली की पुन्हा वळते.

एकच नियम कटाक्षाने पाळायचा: रंग नेहमी दर्शनी बाजूलाच बदलायचा. मागच्या बाजूने बदललात तर दर्शनी बाजूला दोन रंगांचे तुटक ठिपके दिसतात आणि वळी कोणाची ते कळत नाही. टाके घातल्यावर शेपटाचं (सुरुवातीला सुटलेल्या धाग्याचं) टोक ज्या बाजूला येईल तिथे सेफ्टी पिन लावा. पिन दिसेल त्या बाजूनेच नवा रंग.

लोकर_आणि_गुंडी

सुरेख कल्पना. सामानाबद्दल लिहितो.

तुळशीबागेत आणि रविवार पेठेत बोहरी आळीच्या बाजूला दोन्हीकडे लोकर मिळते. तुळशीबागेत रंग बघून घेता येतात, पण दुकानाच्या पिवळ्या दिव्याखाली केशरी आणि गाजरी सारखेच दिसतात. गोळा दुकानाच्या दाराशी नेऊन उजेडात बघा. सगळे रंग एकाच कंपनीच्या एकाच मालिकेतले घ्या. एक गोळा जाड आणि एक बारीक झाला की काही वळ्या उंच, काही चपट्या होतात, आणि इथे तर प्रत्येक जागेची उंची सारखी असणं हाच सगळा मुद्दा आहे.

पुण्याच्या थंडीला शुद्ध लोकर लागत नाही. ॲक्रिलिक पुरे, किंवा ॲक्रिलिक आणि सुती मिश्र. नुसतं सूत नको. ते वजनाने ओघळतं आणि मफलर महिन्याभरात हातभर लांब होतो.

सुई मागताना मिलिमीटरमध्ये मागा. आपल्याकडे जुनी इंग्लंडची क्रमांकपद्धत चालते: नंबर ८ म्हणजे ४ मिमी, नंबर १० म्हणजे सव्वातीन मिमी. आकडा वाढला की सुई बारीक. अमेरिकेची पद्धत नेमकी उलटी, तिकडचा ८ म्हणजे ५ मिमी. निम्मे घोळ इथेच होतात.

नवशिक्यांना ॲल्युमिनियमपेक्षा बांबूची सुई द्या. टाका घसरत नाही, आणि सुई हातातून पडली तरी खळ्ळ आवाज होऊन टीव्हीवरच्या मालिकेतला संवाद बुडत नाही.

आकडे_मोजणारा

किती ग्रॅम लागेल ते काढून ठेवतो, म्हणजे कोणी अर्ध्यात अडणार नाही. ५० टाक्यांची एक वळी म्हणजे १०० टाके, त्याला साधारण दीड मीटर धागा. पूर्ण मफलर २०० ग्रॅमच्या आसपास.

भाजप १३२ जागा, ९२ ग्रॅम. शिवसेना ५७, ४० ग्रॅम. राष्ट्रवादी ४१, २८ ग्रॅम. शिवसेना उद्धव बाळासाहेब ठाकरे २०, १४ ग्रॅम. काँग्रेस १६, ११ ग्रॅम. राष्ट्रवादी शरदचंद्र पवार १०, ७ ग्रॅम. बाकी लहान पक्ष आणि अपक्ष मिळून १२, त्यांना ८ ग्रॅम. बेरीज २८८ आणि २००.

हे नुसतं विणण्यापुरतं झालं. रंग बदलताना दोन्ही टोकांना १५-१५ सेंमी शेपूट सोडावं लागतं. दीडशे वेळा रंग बदलला असं धरलं तर ४५ मीटर, म्हणजे २० ग्रॅम निव्वळ शेपटात जातात. म्हणून एकूण २५० ग्रॅम धरून चला. मोठ्या रंगाचे गोळे एकदमच घ्या आणि वेष्टनावरचा रंगाचा लॉट क्रमांक जुळतोय ना ते बघा. महिन्याने जाऊन आणलेला तोच केशरी तोच नसतो.

पक्षांचे खरे रंग वापरायचे म्हटलं तर पंचाईत आहे. केशरी तिघांना लागतो. वाहिन्याही प्रत्येकीचे वेगळे रंग लावतात. त्यामुळे सात सरळ वेगळे रंग ठरवा आणि कोणता कोणाचा ते पुठ्ठ्याच्या कार्डावर धागा चिकटवून लिहून ठेवा. दोन रंग पुरेसे वेगळे आहेत का हे बघायला सातही गोळे शेजारी ठेवून मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढा. फोटोत जे दोन एकसारखे राखाडी दिसतील त्यातला एक बदला.

पेठेतली_वाचक

कृती उत्तम आहे, पण वर्गात हे आणावं का याचा विचार करा. दहा बायका दहा घरांतून येतात. लोकसभेच्या वेळी एकाच सोसायटीत, एकाच घरात वेगवेगळी मतं होती. टाके शिकायला आलेल्या मुलीला कोणाच्या रंगाची लोकर हातात धरायला लावणं मला जड वाटतं. विणकामाची जागा ही त्या दोन तासांपुरती तरी या सगळ्यापासून मोकळी असावी.

सुलट_उलट

ताई, तुमचं म्हणणं रास्त आहे म्हणून वर्गात तीन गोष्टी ठरवल्यात. चिन्ह विणायचं नाही. नेत्याचं नाव नाही. आणि रंग चिठ्ठी टाकून ठरवले, म्हणजे भाजपला निळा आला आणि काँग्रेसला जांभळा. कोणालाही आपल्या आवडत्या रंगाची लोकर धरल्याचा आनंद नाही की नावडत्याची खंत नाही. ज्याला हे काम नको त्याला तेवढ्याच टाक्यांचा साधा पट्ट्यांचा मफलर आहे, सरावात काही कमी होत नाही.

येरवड्याचा_चरखा

विणणं-कातणं आणि राजकारण वेगळं ठेवणं इतिहासात कधीच जमलेलं नाही, आणि पुण्यात तर मुळीच नाही. पेटीत मिटणारा दोन चाकांचा चरखा गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात असताना सुधारून घेतला, त्याचं नावच येरवडा चरखा. हातात सूत धरणं हीच तेव्हा भूमिका होती.

अमेरिकेत २१ जानेवारी २०१७ च्या महिला मोर्चात हजारो बायका एकाच कृतीने विणलेल्या गुलाबी टोप्या घालून आल्या. पुढे जून २०१९ मध्ये रॅव्हेलरी या विणकामाच्या मोठ्या संकेतस्थळाने ट्रम्प यांच्या समर्थनाचे नमुने आणि मजकूर बंद केला, त्यावर खूप वाद झाला. म्हणजे पेठेतल्या वाचकताईंची शंका जगभरच्या वर्गांना पडलेली आहे.

पण त्या टोपीत आणि या मफलरात मला एक फरक दिसतो. टोपी आपली बाजू सांगते. मफलर झालेला निकाल नोंदवतो, जिंकलेल्याचा आणि हरलेल्याचा दोघांचाही हात तोच मफलर विणतो. मला वर्गासाठी दुसरा प्रकार जास्त योग्य वाटतो. फक्त एक सावधगिरी: पुढच्या मतदानाला पक्षाच्या रंगातलं किंवा चिन्हाचं काही घालून केंद्रावर जाऊ नका. १०० मीटरच्या आत प्रचाराला कायद्याने मनाई आहे. निकालाचा सात रंगी मफलर हा प्रचार नाही, तरी दाराशी वाद कशाला.

लोकर_आणि_गुंडी

त्या गुलाबी टोपीवरून सांगतो, कारण वर्गात कोणी ना कोणी ती मागतंच. कृती फार सोपी: ११ इंच रुंद, १७ इंच लांब सरळ पट्टी. सुरुवातीला चार इंच दोन सुलट दोन उलट, मध्ये नऊ इंच एक ओळ सुलट एक ओळ उलट, शेवटी पुन्हा चार इंच दोन-दोन. पट्टी मधोमध दुमडून दोन्ही कडा शिवल्या की वरचे कोपरे आपोआप कानासारखे उभे राहतात. त्यात अमेरिकेची ८ नंबर सुई आहे, म्हणजे ५ मिमी. आपल्या दुकानात "आठ नंबर" मागितलात तर ४ मिमी हातात येते, आणि टाके तेवढेच घातले तर टोपी लहान मुलाची होते. ५ मिमी हवी तर इथे सहा नंबर मागा.

साडेसातची_मालिका

मी दूरदर्शनच्या बाजूने लिहिते. या मफलराला किती भाग लागतील याचा हिशेब. ५७६ ओळी गुणिले ५० टाके म्हणजे २८,८०० टाके. सरावलेला हात बघत-बघत मिनिटाला २५ टाके विणतो. सव्वाएकोणीस तास. जाहिरातींसकट अर्ध्या तासाचा भाग धरला तर ३८-३९ भाग. सोमवार ते शनिवारची मालिका असेल तर साडेसहा आठवडे. नवशिक्यांनी दुप्पट धरावेत.

कोणत्या मालिकेबरोबर कोणतं काम, हे जुळवावं लागतं. आपल्या मराठी मालिका कानाने बघता येतात. प्रत्येक गोष्ट संवादात येते, चेहऱ्यावरचा कॅमेरा तीनदा फिरतो, नजर सुईवर असली तरी काही सुटत नाही. त्यांच्याबरोबर रंग बदलण्याचे भाग विणा, जिथे खाली बघावंच लागतं. याउलट उपशीर्षकं वाचावी लागणारी परदेशी मालिका असेल तर एका रंगाच्या लांब पट्ट्याच घ्याव्यात, कारण डोळे पडद्यावरच लागतात.

चर्चेच्या कार्यक्रमात आणि निकालाच्या दिवशी हात आवळतो. हे कापडावर दिसतं: त्या दहा-बारा वळ्या अर्धा-पाऊण सेंमी अरुंद येतात आणि मफलरला कंबर पडते. दर दहा वळ्यांनी पट्टी लावून रुंदी मोजा. २३ ची २२ झाली की धागा करंगळीभोवती गुंडाळला असेल तर एक वेढा सोडा. तरीही आवळत असेल तर त्या कार्यक्रमापुरत्या दोन्ही सुया सव्वाचार किंवा साडेचार मिमीच्या घ्या. टाक्याचं माप उजव्या हातातल्या सुईने ठरतं, आणि दर ओळीला काम उलटलं की सुयांचे हात बदलतात.

आणि सूतकाम-राजकारण-मालिका तिन्ही एकत्र बघायचं असेल तर २००७ ची डॅनिश मालिका फोरब्रुदेल्सेन बघा. खुनाचा तपास एकीकडे, कोपनहेगनच्या महापौरपदाची निवडणूक दुसरीकडे, आणि तपास करणारी सारा लुंड बहुतेक वेळ एकाच फेरो बेटांवरच्या स्वेटरमध्ये. गुद्रुन अँड गुद्रुन या तिथल्या जोडीचा तो स्वेटर मालिकेमुळे जगभर मागवला गेला. मला ती मालिका आवडते ती एवढ्यासाठी की निवडणुकीतला प्रत्येक डाव कोणाच्या तरी घरातल्या दुःखाला जाऊन लागतो, आणि ते दुःख दाखवायला लेखक घाई करत नाहीत.

तो स्वेटर विणायला घेणाऱ्यांसाठी: एका ओळीत दोन रंग चालतात, न वापरलेला रंग मागून आडवा जातो. हा मागचा धागा पाच टाक्यांपेक्षा लांब गेला की बोटं-अंगठ्या अडकतात, आणि ओढून घेतला तर कापड सुरकुतते. रंग बदलण्याआधी उजव्या सुईवरचे टाके पसरवून घ्या, मग मागचा धागा हवा तेवढाच सैल राहतो. दुहेरी धाग्यामुळे कापड दुप्पट गरम होतं. पुण्यात तो वर्षातून चार पहाटे घालता येईल, बाकी हिमाचलच्या सहलीला.

नवीन_सुई

वर्गातलीच आहे. ५० टाके घातले होते, २० वळ्यांनंतर ५४ निघाले. टाके घालताना मोजले होते दोनदा. कुठे वाढतात?

सुलट_उलट

बहुतेक वेळा ओळीच्या सुरुवातीला. काम उलटून घेतलंत की शेवटच्या टाक्यातून निघालेला धागा समोर असतो. तो मागे नेताना तुम्ही सुईच्या वरून मागे नेता. तसं केलं की पहिला टाका वर खेचला जातो आणि त्याचे दोन्ही पाय सुईवर वेगवेगळे दिसतात. एकाच्या जागी दोन टाके बसलेत असं वाटतं, तुम्ही दोन्हीत विणता, एक टाका वाढतो. धागा नेहमी सुईच्या खालून, दोन सुयांच्या मधून मागे न्यायचा.

आता हाताशी घेऊन तपासा. सुईवरच्या पहिल्या टाक्याखाली बघा. गाठीसारखी एकच आडवी कडी असेल तर एक टाका. शेजारी दोन दोऱ्या असतील आणि त्या खाली एकाच कडीतून येत असतील तर तोही एकच टाका आहे, फक्त वर खेचलेला. धागा खाली ओढा, तो मिटून एक होईल.

मधोमध टाका वाढला असेल तर कारण वेगळं: लोकरीचे पदर फाकून सुई धाग्याच्या मधून गेली आणि अर्ध्या-अर्ध्या पदरांचे दोन टाके झाले, किंवा चुकून धागा पुढे राहिला आणि सुईवर वेढा पडला. दुसऱ्या प्रकारात खाली लहान भोक दिसतं. चार टाके वाढलेत ते २० वळ्यांत हळूहळू वाढलेत, एका ओळीत घटवून चालेल: दोन्ही कडांपासून पाच टाके सोडून दोन-दोन एकत्र, आणि मधे आणखी दोन ठिकाणी. उसवू नका.

टोकं_ओवणारी

आता शेपटांचं बोलूया, कारण हा मफलर अर्धवट राहिला तर त्यापायीच राहील. सगळेच रंग कापायचे नसतात. पुणे शहराचे आठ मतदारसंघ उदाहरणाला घेते, २०८ वडगाव शेरी ते २१५ कसबा पेठ.

२०८ वडगाव शेरी राष्ट्रवादी शरदचंद्र पवार: एक वळी. मग शिवाजीनगर, कोथरूड, खडकवासला, पर्वती चारही भाजप: सलग चार वळ्या, आठ ओळी, एकच धागा. २१३ हडपसर राष्ट्रवादी: एक वळी. इथे भाजपचा धागा कापायचा नाही. कडेला सोडून द्या, हडपसरच्या दोन ओळी विणा, परत त्या कडेला आलात की सोडलेला धागा नव्या धाग्याच्या खालून उचलून वर घ्या आणि पुणे कॅन्टोन्मेंट, कसबा पेठ विणा. दोन ओळींचा उभा प्रवास कडेच्या साखळीत लपतो. असा धागा जास्तीत जास्त तीन वळ्या वर नेता येतो. त्याहून लांब नेला की कड आखडते. एका वेळी दोन रंगच असे वर न्या, तीन झाले की ते एकमेकांत गुंततात आणि दर ओळीला सोडवत बसावं लागतं.

म्हणजे भाजपचा धागा आधीपासून चालू असला तर या आठ जागांत टोकं ओवायची ती फक्त वडगाव शेरी आणि हडपसरची. शेपूट ओवायला बोथट टोकाची मोठ्या नेढ्याची सुई, त्याच रंगाच्या वळीतून सहा-सात टाके एका दिशेने, मग एक टाका सोडून तीन-चार टाके उलट दिशेने. ॲक्रिलिक घसरडं असतं, एकाच दिशेने ओवलेलं टोक दोन धुण्यांत बाहेर येतं. आणि हे रोजच्या रोज करा. विणून झाल्यावर दोनशे टोकं एकदम ओवायला बसणं कोणालाही जमत नाही.

आकडे_मोजणारा

कसबा पेठेवरून एक. कोणी २०१९ चा मफलर करणार असेल तर पोटनिवडणुकीचं काय? मार्च २०२३ मध्ये कसब्याची जागा भाजपकडून काँग्रेसकडे गेली.

सुलट_उलट

वळी बदलू नका, २०१९ चा निकाल २०१९ चाच राहू द्या. त्या वळीच्या कडेला काँग्रेसच्या ठरवलेल्या रंगाचं लहान बटण शिवा. वरून दुसऱ्या रंगाने टाका भरण्याची पद्धत एक सुलट एक उलट ओळींच्या गुळगुळीत कापडावर छान बसते, या उंच-सखल कापडावर नाही.

येरवड्याचा_चरखा

मला एक गोष्ट खटकते ती सांगतो. वळी जागा दाखवते, मतं दाखवत नाही. लाखाच्या फरकाने जिंकलेली आणि काही शे मतांनी जिंकलेली जागा एकाच उंचीची. ज्यांनी हरलेल्याला मत दिलं ते या मफलरात कुठेच नाहीत. आपल्या निवडणूक पद्धतीचं हे खरंखुरं रूप आहे हे मान्य, पण विणताना नवशिक्यांना ते सांगायला हवं.

मतं दाखवायची असतील तर एका मतदारसंघाचा छोटा तुकडा विणता येतो. मतमोजणी साधारणपणे १४ टेबलांवर चालते, १४ केंद्रांची मोजणी म्हणजे एक फेरी. मतदारसंघात ३०० केंद्रं असतील तर २२ फेऱ्या. प्रत्येक फेरीला एक वळी, त्या फेरीत ज्याला जास्त मतं त्याचा रंग. २२ वळ्यांचा तुकडा दहा-अकरा सेंमी उंच होतो, चहाच्या कपाखाली ठेवण्याएवढा. कोणत्या भागाने कोणाला हात दिला ते त्यात फेरीगणिक दिसतं, आणि हरलेल्याचेही रंग येतात.

नवीन_सुई

फेरीचा तुकडा करायला आवडेल. आणखी एक: मालिका बघताना एखादा मतदारसंघ चुकून राहून गेला आणि चाळीस वळ्यांनी कळलं, तर?

टोकं_ओवणारी

मग उसवायचंच. पण कुठवर उसवायचं ते आधीच ठरवून ठेवता येतं. जिल्हा संपला की बोथट सुईत बारीक पांढरा शिवणाचा दोरा ओवून सुईवरच्या पन्नासही टाक्यांतून आरपार न्या, दोन्ही बाजूंना हातभर दोरा लोंबता ठेवा आणि पुढे विणत राहा. पुढे चूक सापडली तर सुया काढून सरळ धागा ओढा, उसवण त्या दोऱ्याशी येऊन थांबते, एकही टाका सुटत नाही. मग दोऱ्यावरून टाके पुन्हा सुईवर घ्यायचे. दोरा ओवताना कडेला लावलेली खुणेची पिन त्यात अडकू देऊ नका, नाहीतर ती पुढे सरकवता येत नाही.

मतदारसंघांच्या यादीवर प्रत्येक वळी झाली की पेन्सिलने रेघ मारा, भाग संपल्यावर नाही, वळी संपल्यावर. अक्कलकुवा, शहादा, नंदुरबार, नवापूर या चार वळ्या झाल्या की नंदुरबार जिल्हा संपला. पहिला दोरा तिथे घाला.